अर्धी पांढरी गच्ची

मे महिन्यात अकोल्याहून कुणी मुंबईला निघालं की लोक फार चौकशी करत नाहीत. सुटला बिचारा, एवढंच म्हणतात. मी मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सहज बोलून गेलो की ऊन कमी करण्याबद्दल अंधेरीला परिषद आहे, तिला चाललो आहे. संध्याकाळपर्यंत ती बातमी ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर पोचली. एकाने सांगितलं, "सर, आधी अकोल्याचं करा म्हणावं. मुंबईला समुद्र आहे, त्यांना घाई नाही." दुसऱ्याने बजावलं की मे महिन्यापुरतंच करा, हिवाळ्याला हात लावू नका. तिसऱ्याचं कापूस आणि तुरीचं शेत आहे. तो म्हणाला, "ऊन कमी केलं आणि पाऊसही कमी झाला, तर कुणाच्या घरी जायचं?" या प्रश्नावर जगातल्या सरकारांचे जे काही मतभेद आहेत, ते सगळे मला स्टेशनवर जाण्याआधीच त्या बाकावर ऐकायला मिळाले.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. परिषदेची कल्पना थोडक्यात अशी: विमानांनी हवेच्या खूप वरच्या थरात बारीक कण फवारायचे. सूर्यप्रकाशाचा थोडा हिस्सा तिथूनच परत फिरेल आणि खालची पृथ्वी जरा निवेल. मोठ्या प्रमाणावर हे अजून कुणी केलेलं नाही. पण झालंच तर श्रीमंत देशांच्या वाट्याला काय येईल आणि गरीब देशांच्या वाट्याला काय, याचा हिशेब मांडणारे लोक तयार आहेत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'उष्ण प्रदेशाचे प्रतिनिधी' असं छापलं होतं. अकोल्यात इतकी वर्षं घाम गाळल्याबद्दल मिळालेला हा माझा पहिला सन्मान.

खरं सांगायचं तर मी परिषदेसाठी गेलो नव्हतो. परिषदवाले जाण्यायेण्याचं बघणार होते आणि मुलुंडला माझी बहीण राहते, आमच्या आईवडिलांच्या घरात. कारण तेवढंच.

मुलुंड

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, तीन मजली. वडील गिरणीत होते. परळच्या खोलीत माणसं मावेनाशी झाली तेव्हा त्यांनी इथे दोन खोल्या घेतल्या. नातेवाईक म्हणाले, जंगलात चाललात. जंगल पश्चिमेला होतं, डोंगराच्या बाजूला. आमच्या बाजूला मिठागरं होती. गच्चीवर उभं राहिलं की लांबवर चौकोनी पाणी चमकायचं आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग दिसायचे. आई ते दाखवून म्हणायची, "बघ, नुसत्या उन्हावर चाललेला कारखाना." आता गच्चीवरून टॉवर दिसतात. मिठागरं कुठे आहेत ते मी सुनंदाला विचारलं, तर तिने टॉवरांच्या मधल्या एका फटीकडे बोट दाखवलं. मला काही दिसलं नाही. तिलाही दिसत नसावं.

सुनंदा माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरच्या या घरात परत आली आणि उन्हाळ्यात आंबापोळी, फणसपोळी, मिरगुंडं, सांडगी मिरची करून विकू लागली. नोकरी नाही, पेन्शन नाही. वर्षाचा मोठा आधार या दोन-अडीच महिन्यांचाच. मदतीला नलूताई. नलूताई आमच्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, मालवणकडच्या. आईनेच त्यांना पहिल्यांदा गच्चीवर बसवलं होतं. त्यांचे यजमान दत्ताराम अर्धांगाने अंथरुणावर आहेत.

मी पोचलो तेव्हा दोघी गच्चीवर आंब्याच्या रसाने भरलेल्या स्टीलच्या थाळ्या मांडत होत्या. थाळीला तुपाचा हात लावायचा, रस पातळ ओतायचा, दिवसभर उन्हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वर आणखी एक थर. कोकणातून रायवळ आंबा येतो तो या दिवसांत; हापूसची कोण पोळी करतो? त्या वासाने मी जिन्यातच थबकलो. आमच्या लहानपणी कावळ्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्या कामाचा मोबदला म्हणून थाळीची कड खरवडून खायला मिळायची. अकोल्याकडे माझी बायको कुरडया घालते, त्या चांगल्याच असतात, पण कुरडईची कड खरवडण्यासाठी कुणी भांडत नाही.

"उभा काय राहिलास? पाय धुऊन ये," सुनंदा म्हणाली. "आणि चपला घालून त्या पांढऱ्या बाजूला जाऊ नकोस. सेक्रेटरी गद्रे बोंब मारतील."

तेव्हा माझं लक्ष गेलं. गच्ची अर्धी पांढरी होती. मधोमध सरळ रेघ, अलीकडे जुनी काळपट फरशी, पलीकडे डोळे दिपवणारा पांढरा रंग. सुनंदाने थाळ्या नेमक्या पांढऱ्या बाजूला मांडल्या होत्या.

प्रकार असा होता: गच्ची गळते. पावसाळ्याआधी दुरुस्ती हवीच होती. एक संस्था इमारतींच्या गच्च्यांना ऊन परतवणारा रंग फुकट लावून देते, गळतीही बंद होते. त्यांनी नमुना म्हणून अर्धी गच्ची रंगवली. अट तीन शब्दांची: पूर्ण किंवा नाहीच. पूर्ण रंगवली तर वर काही वाळत घालायचं नाही, कारण डाग पडले की रंगाचं काम संपलं. नको असेल तर सगळ्यावर नेहमीचं डांबर, सभासदांच्या खर्चाने. आणि संस्थेला सगळ्या बिऱ्हाडांचा होकार हवा. एकाची हरकत आली तरी ते दुसऱ्या इमारतीकडे जाणार. रविवारी गच्चीवर सभा होती.

"मग तू हरकत घेणार," मी म्हटलं.

"बघू या," सुनंदा म्हणाली. "आधी या बाजूला पोळी कशी होते ते बघते. केवढं लखलखतंय, बघ ना. डबल ऊन आहे. चांगली झाली तर डाग न पाडता करते म्हणून सांगेन."

नलूताई थाळ्या सरळ करत राहिल्या. त्या पांढऱ्या बाजूच्या बरोबर खाली त्यांची खोली होती.

अंधेरी

दुसऱ्या दिवशी अंधेरीला. हॉटेल विमानतळाच्या बाजूचं. सभागृह इतकं थंड की गरम देशांवर बोलायला आलेले निम्मे लोक शाली पांघरून बसले होते. दीपप्रज्वलन झालं. एसीच्या झोताने समई दोनदा विझली आणि तिसऱ्यांदा एका अधिकाऱ्याने हाताचा आडोसा धरून उभं राहायचं ठरवलं. पाहुण्यांना प्रत्येकी एक रोपटं आणि एक शाल. उष्णतेच्या परिषदेत शाल कशाला, हे मी मनात विचारून घेतलं आणि पांघरली.

मुख्य मांडणी मृणालिनी नावाच्या एका तरुण अर्थशास्त्रज्ञ बाईंनी केली. त्या परदेशात शिकवतात. मी विरोध करायचाच अशा तयारीने बसलो होतो. पण त्यांची मांडणी सरळ होती आणि पोकळ नव्हती. त्यांचं म्हणणं असं: गरीब देश बहुतेक गरम पट्ट्यात आहेत. उन्हाने तिथलं पीक जातं, मजुरांचे तास जातात, माणसं आजारी पडतात. थंड श्रीमंत देशांना थोडी उष्णता उलट सोयीची पडते. तेव्हा पृथ्वी थोडी निवली तर जास्त फायदा गरिबांचा, आणि दोघांमधलं अंतर कमी होतं. पडद्यावर दोन रेघा होत्या, हळूहळू एकमेकींजवळ येणाऱ्या.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं की ही आकडेमोड मुख्यतः तापमानाची आहे. पाऊस कुठे सरकेल याची खात्री कमी. आणि फवारणी सुरू करून मध्येच कुणी थांबवली तर साठलेली सगळी उष्णता एकदम अंगावर येईल. सभागृहाने या भागाकडे लक्ष दिलं नाही, कारण बाहेर जेवण मांडल्याचे आवाज यायला लागले होते.

जेवणानंतर माझा नंबर. मी म्हणालो, आमच्या विषयात एक जुनी कसोटी आहे. एखाद्या बदलाने काही जिंकतात, काही हरतात. जिंकणाऱ्यांना इतका फायदा झाला की ते हरणाऱ्यांचं नुकसान भरून देऊ शकतील, तर तो बदल चांगला समजायचा. भरून दिलं पाहिजे असं नाही, देऊ शकले पाहिजेत. दर वर्षी वर्गात एक तरी मुलगी विचारायची, "सर, पण देतात का?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. इथल्या पडद्यावरही मला ते दिसलं नाही. एवढं बोलून मी खाली बसलो. टाळ्या वाजल्या, पण त्या चहाची सुट्टी जाहीर झाली म्हणून असाव्यात.

घाटकोपर

संध्याकाळी मेट्रोत मृणालिनी माझ्या शेजारी बसल्या. त्यांना घाटकोपरला मावशीकडे जायचं होतं.

"मी बोरिवलीची आहे, सर," त्या म्हणाल्या. "आई आमच्या गॅलरीत साबुदाण्याच्या चकल्या घालायची. आता ती गॅलरी बेडरूममध्ये घेतलीय."

"मग चकल्या?"

"विकत."

घाटकोपरला उतरून आम्ही फाफडा आणि त्याच्याबरोबरचा कच्च्या पपईचा किसलेला संभारा खाल्ला. वडील महिन्यातून एकदा आम्हा दोघांना इथे आणायचे. मुलुंडला काही मिळत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. दुकान तेच असावं, पाटी बदलली आहे. संभाऱ्याची चव मात्र जशीच्या तशी होती. वडिलांना तो तिखट लागायचा आणि ते दर वेळी तक्रार करून दुसऱ्यांदा मागायचे. मीही मागितला.

खाताना मी मृणालिनींना आमच्या गच्चीची हकिगत सांगितली. त्यांनी हात पुसले आणि विचार करून म्हणाल्या, "सर, तुमच्या गच्चीखाली सगळ्यात गरम खोली कुणाची?"

"नलूताईंची. वरचा मजला. तो स्वस्त होता म्हणूनच त्यांनी घेतला."

"म्हणजे पांढऱ्या रंगाने जास्त फायदा सगळ्यात गरिबाचा. माझ्या रेघा बरोबर आहेत."

"आणि माझी बहीण?"

"ती हरते. सरासरीत दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग बशी बाजूला सरकवून, "तुम्ही दुपारी बोललात ना, भरपाईचं. ते आम्ही लोकांवर सोडतो, सर. राजकारण म्हणून. पण एक गंमत सांगू? जगाचं ऊन कमी करायला एखाद्या श्रीमंत देशाने मनावर घेतलं तरी पुरेल. विमानं त्याची, कण त्याचे. तुमच्या गच्चीला मात्र सगळ्या बिऱ्हाडांचा होकार लागतो."

मुलुंडचे लोक जगाच्या पुढे असल्याचं मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

घरी आलो तर स्वयंपाकघरात आंबूस वास. सुनंदा जमिनीवर थाळ्या घेऊन बसली होती. पोळीवर वरून साय धरल्यासारखी होती, बोट लावलं की खाली रस हलत होता आणि कडेला बारीक फेस आला होता.

"फसफसली," ती म्हणाली. "दोन दिवसांचा माल गेला. डोळे दिपत होते रे वर. मला वाटलं, एवढा उजेड म्हणजे एवढी आच. हात टेकवून बघायची अक्कल आली नाही मला."

मी गच्चीवर जाऊन दोन्ही बाजूंना हात टेकवून आलो. जुनी फरशी संध्याकाळीही कोमट होती, पांढरी बाजू गार. पोळी नुसत्या वरच्या उन्हाने होत नाही, खालून तापलेली फरशीही लागते. तो रंग आलेलं ऊन परत आभाळात पाठवत होता, त्याचं ते कामच होतं.

"मग आता हरकत घे," मी म्हटलं. "तुझ्या एकटीच्या हरकतीने थांबेल."

"माहितीये मला."

"मग?"

तिने फेस आलेली थाळी बादलीत उलटी केली. "काल दुपारी नलूताईकडे गेले होते मी, मीठ मागायला. भावोजी झोपले होते. घोरत होते रे. एरवी स्लॅब तापला की तळमळत असतात. ही नलूताई वर एक थाळी मांडते आणि खाली धावते, ओल्या फडक्याने पुसायला. मीठ न घेताच आले मी."

पुन्हा मुलुंड

रविवारी सकाळी गच्चीवर सभा. सेक्रेटरी गद्रे यांनी माइक आणला होता, जरी सगळे एकाच सतरंजीवर मावत होते. पांढऱ्या बाजूला टेबल, काळ्या बाजूला सभासद. गद्र्यांनी 'उपस्थित मान्यवर' म्हणून माझं नाव घेतलं आणि मी परिषदेतून आलो असल्याने या विषयातला अधिकारी असल्याचं जाहीर केलं. मी हात जोडले. माझ्या अधिकाराचा उपयोग एका खुर्चीपलीकडे झाला नाही.

रंगाचे फायदे वाचून झाले. पंखे कमी लागतील, गळती थांबेल, खर्च शून्य. मग गद्रे म्हणाले, "कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी."

सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती तिच्या हाताच्या बोटांकडे पाहत होती. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"माझी हरकत आसा."

नलूताई उभ्या होत्या.

गद्रे गोंधळले. "तुमची? अहो, सगळ्यात जास्त फायदा तुमचा आहे."

"तरीपण आसा. लिवा."

सुनंदा उठली. "गप बस गं नलूताई. गद्रेकाका, तिची हरकत धरू नका."

"धरूची लागतली," नलूताई म्हणाल्या. "सभासद आसंय मी. तुझ्या आवशीन माका हय बसवल्यान. तुझो धंदो बुडवून माका थंडावो नको."

"माझा धंदा माझं मी बघेन. मी मागे घेते तिची हरकत."

"दुसऱ्याची हरकत मागे घेता येत नाही," गद्रे म्हणाले. "नियमात बसत नाही."

"मग तिलाच मागे घ्यायला लावते." सुनंदा नलूताईंसमोर जाऊन उभी राहिली. आवाज खाली आणून बोलली, पण माइक चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "भावोजी झोपले ना परवा? काल?"

नलूताईंनी मान हलवली.

"आज?"

"आता निजलेले आसत."

"मग खाली बस."

नलूताई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि बसल्या. गद्र्यांनी विचारलं, हरकत मागे घेतली असं समजावं का? कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी तसं समजलं.

तेव्हा मी उठलो. माइक नको म्हटलं. विचारलं की गच्ची सगळ्यांना थंडावा देणार, गळतीचा खर्च सगळ्यांचा वाचणार, तर या दोघींना उन्हाची दुसरी जागा द्यायला सोसायटीला जमेल का. पार्किंगच्या पत्र्यावर एक फळी टाकली आणि शिडी लावली तरी काम होईल.

"चांगली सूचना आहे," गद्रे म्हणाले. "बघू."

खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, पत्र्याखाली त्यांची गाडी असते, रस गळला तर? दुसरे म्हणाले, बायामाणसं पत्र्यावर चढणार, पडली तर जबाबदारी कुणाची? हा विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. पुढची सभा पावसाळ्यानंतर असते. मग चहा आला, आणि तो चांगला होता.

मी मृणालिनींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या बैठकांतही शेवटी हेच ठरतं."

सोमवारी सकाळी रंगारी आले. काळी बाजू दुपारपर्यंत दिसेनाशी झाली. आमच्या थाळ्या जिथे पिढीभर टेकत आल्या तिथे फरशीवर फिकट गोल उमटले होते, एकाला एक लागून. रंगाऱ्याने रोलर फिरवताना त्या गोलांवर थोडा जास्त दाबून फिरवला. ते सहज झाकले जात नव्हते.

माझी गाडी रात्रीची होती. दुपारी सुनंदा म्हणाली, चल, नलूताईंकडे जाऊन येऊ. त्यांच्या खोलीत पाय ठेवला आणि मला खरोखर आश्चर्य वाटलं. मेमध्ये, भर दुपारी, वरच्या मजल्यावर बसवत होतं. दत्ताराम भिंतीकडे तोंड करून झोपले होते. चेहऱ्याची वाकडी बाजू उशीत गेल्यामुळे ते अगदी पूर्वीसारखे दिसत होते, आम्हाला मिठागरापर्यंत सायकलवरून नेणारे.

नलूताईंनी सरबत दिलं आणि सुनंदाशेजारी बसल्या. नलूताई अंगठ्याने बोटांची पेरं चोळत होत्या, जसं रस लागल्यावर चोळतात.

"आता काय करूया गो दुपारचा?" त्यांनी विचारलं.

"झोप की," सुनंदा म्हणाली. "नवरा झोपतोय, खोली थंड आहे. कधी झोपलीस दुपारची?"

"कधीच नाय."

"मग झोप."

नलूताईंनी चटई ओढली आणि खरंच आडव्या झाल्या. डोळे मिटले. सुनंदा भिंतीला टेकून तिथेच बसून राहिली. मी सरबताचा पेला आवाज न करता खाली ठेवला.

थोड्या वेळाने डोळे न उघडताच नलूताई म्हणाल्या, "येना नाय गो."

"येईल," सुनंदा म्हणाली. "सवय होईल." आणि तिनेही पाय पसरले.